जग हातानं करून शिकायचं सामान: अब्दुल रहमान स्ट्रीट की तयार खोका?

मे महिन्याची सुटी जवळ आली की मुंबईतल्या खेळण्यांच्या दुकानांत जगाच्या भूगोलाचे हस्तकला-खोके रचून ठेवलेले दिसतात. आतला ऐवज साधारण ठरलेला असतो. जगाचा छापील नकाशा, खंडवार रंगवायची चित्रं, आइस्क्रीमच्या काड्या, गोंदाची बोटभर ट्यूब, रंगांच्या सहा डब्या आणि देशागणिक चार ओळींचं कार्ड. दुसरा रस्ता म्हणजे क्रॉफर्ड मार्केटकडून पायधुणीकडे जाणारी अब्दुल रहमान स्ट्रीट, तिच्या जवळचं मंगलदास मार्केट आणि थोडं पुढे भुलेश्वर. तिथून सुटं सामान आणायचं आणि प्रकल्प आपण ठरवायचे. आठ ते तेरा वर्षांच्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून हे दोन्ही पर्याय इथे तपासले आहेत.

तपासताना कसोटी एकच ठेवली: हातातलं सामान स्वतःहून काही भूगोल सांगतं का? आयफेल टॉवरचं चित्र रंगवून मूल रंगवायला शिकतं, फ्रान्सबद्दल त्याला फारसं काही कळत नाही. उलट सपाट कागद गोलावर चिकटवायला घेतला की तो सुरकुततो, आणि ती सुरकुती नकाशाशास्त्राचा पहिला धडा देऊन जाते. या कसोटीवर बहुतेक तयार खोके मागे पडतात.

पृथ्वीगोलापासून सुरुवात करू. खोक्यात फुगा देतात आणि त्यावर कागद चिकटवायला सांगतात. फुगा गोल नसतो, नासपतीसारखा असतो. त्यामुळे दक्षिण गोलार्ध ओढल्यासारखा लांबट होतो आणि रेखावृत्तं कुठेच नीट जुळत नाहीत. शिवाय रात्री एसी लावला की आतली हवा आकसते आणि ओल्या कागदाला पोचे पडतात. अब्दुल रहमान स्ट्रीटवर किंवा कुठल्याही खेळण्यांच्या दुकानात सुमारे ३० सेंटिमीटर व्यासाचा प्लास्टिकचा चेंडू मिळतो, तो घ्यावा. चेंडूवर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. पहिला थर वर्तमानपत्राच्या नुसत्या पाण्यात भिजवलेल्या पट्ट्यांचा द्या, म्हणजे कवच चेंडूला धरत नाही. पुढचे चार थर फेविकॉल आणि पाणी समप्रमाणात मिसळून, अडीच-तीन सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्यांचे. प्रत्येक थराला पंख्याखाली एक दिवस द्या. घाई केली तर आतला थर ओलाच राहतो आणि आठवड्यात बुरशीचा वास येतो. घरी मैद्याची खळ करणार असाल तर तिच्यात मोरचूद घालण्याची जुनी पद्धत मुलांच्या कामात पूर्ण टाळा, ते विष आहे.

कवच कडक वाळलं की मधोमध कापून चेंडू बाहेर काढायचा आणि दोन्ही वाट्या कागदी टेपने जोडायच्या. ही जोडाची रेघ म्हणजेच विषुववृत्त. ते स्वतः कापून पुन्हा जोडलेलं मूल उत्तर आणि दक्षिण गोलार्धात गल्लत करत नाही.

आता गोलावर चिकटवायच्या, दोन्ही टोकांना निमुळत्या अशा कागदाच्या बारा पाकळ्या. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलाचा परीघ ९४.२ सेंटिमीटर, म्हणजे एका पाकळीची विषुववृत्तावरची रुंदी ७.८५ आणि ध्रुवापासून ध्रुवापर्यंतची लांबी ४७.१. रुंदी ३० अंशांवर ६.८, ६० अंशांवर ३.९ आणि ध्रुवावर शून्य. मधल्या रेषेवर विषुववृत्तापासून ७.८५ सेंटिमीटर मोजले की ३० अंश, १५.७ मोजले की ६०. हे बिंदू मुलांनी पट्टीने मांडावेत आणि हलक्या हाताने वक्र जोडावा. सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट अशी की पाकळ्या आधीच कापून ठेवल्या जातात. पाच थरांनी गोल दीड मिलिमीटरने जरी जाड झाला, तरी परीघ जवळजवळ एक सेंटिमीटरने वाढतो आणि शेवटच्या पाकळीशेजारी तेवढी फट उरते. म्हणून गोल वाळल्यावर विषुववृत्तावर सुतळी गुंडाळून परीघ मोजा, त्याला बाराने भागा आणि मगच कापा. बाराही पाकळ्या कागदावर एकाच दिशेने आखा. गोंदाने ओला झालेला कागद एका दिशेला जास्त फुगतो, त्यामुळे आडव्या-उभ्या मिसळून कापलेल्या पाकळ्यांची रुंदी चिकटवताना वेगवेगळी होते. कार्ट्रिज पेपर इथे जाड पडतो. साधा झेरॉक्सचा कागद बरा.

एक पाकळी म्हणजे ३० अंश रेखांश, म्हणजे घड्याळात दोन तास. मुंबई सुमारे १९ अंश उत्तर आणि ७२.८ अंश पूर्व, म्हणजे ६० ते ९० अंशांच्या पाकळीत, विषुववृत्ताच्या पाच सेंटिमीटर वर. तिथे टाचणी टोचून घ्या. पुढची मापं आणखी बोलकी आहेत. या गोलावर एक मिलिमीटर म्हणजे साधारण ४२ किलोमीटर. ८,८४९ मीटरचा एव्हरेस्ट भरतो ०.२ मिलिमीटर, झेरॉक्सचे दोन कागद एकावर एक ठेवले की जेवढी जाडी होते तेवढा. भूपृष्ठापासून १०० किलोमीटरपर्यंतची हवा सव्वादोन मिलिमीटरांच्या थोडी वर. आणि चंद्र? सरासरी ३,८४,४०० किलोमीटरचं अंतर या प्रमाणात नऊ मीटर होतं. मुलांना गोल घेऊन जिन्याशी उभं करा आणि चाळीच्या गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला आठ सेंटिमीटरचा चेंडू धरायला सांगा. कार्डावरची कुठलीच ओळ हे करू शकत नाही.

खोक्यातल्या सपाट नकाशाबद्दल गंभीर तक्रार आहे. अनेक खोक्यांत १५६९ सालच्या मर्केटर प्रक्षेपणाचा नकाशा असतो, त्याचं नावही न सांगता. हे प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची पद्धत, खलाशांना दिशा धरता यावी म्हणून केलेलं होतं, क्षेत्रफळ दाखवायला नव्हे. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. भारताचं क्षेत्रफळ सुमारे ३२.८७ लाख चौरस किलोमीटर आणि ग्रीनलंडचं २१.७ लाखांच्या आसपास, तरी त्या नकाशावर भारत ग्रीनलंडपुढे लहानसा दिसतो. नकाशा फेकून द्यायची गरज नाही. बटर पेपरवर ग्रीनलंड आणि भारत त्या नकाशावरून गिरवा, मग तयार गोलावरून गिरवा, आणि चारही आकार आलेख कागदावर ठेवून चौकोन मोजा. अर्ध्या तासाचं काम आहे. आयात केलेला खोका किंवा गोल घेताना भारताची सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी जुळते का, हे दुकानातच पाहून घ्या. जुळत नसेल तर शाळा तो प्रकल्प स्वीकारणार नाही.

या सगळ्या खटाटोपात जो प्रकल्प सर्वांत मोलाचा वाटतो, त्याचं मुख्य सामान घराच्या कोपऱ्यात उभं असतं. पॅसिफिक महासागरातल्या मार्शल बेटांवरचे नाविक काड्यांचे नकाशे करत. माडाच्या झावळीचे हीर, काथ्याची बांधणी आणि बेटांच्या जागी शिंपले-कवड्या. वाकडे हीर दाखवतात की समुद्राची लांब पल्ल्याची लाट बेटाला वळसा घालताना कशी वाकते. दोन दिशांच्या लाटा जिथे एकमेकींना छेदतात ती जागाही त्यात असते. पूर्वेकडून येणारी, ईशान्य व्यापारी वाऱ्यांनी उठवलेली लाट सर्वांत बळकट. हा नकाशा होडीत नेत नसत. किनाऱ्यावर बसून तो पाठ करायचा आणि समुद्रात गेल्यावर होडीच्या हेलकाव्यांवरून बेट ओळखायचं. शिकवण्यासाठीचा जो नमुना असे त्याला मत्तांग म्हणतात. त्यात खरी बेटं नसतात, फक्त लाटांचे नियम असतात.

तयार खोक्यातली ‘पॅसिफिक कलाकृती’ आइस्क्रीमच्या काड्यांची असते. त्या काड्या वाकत नाहीत. लाटेचा वाकच गेला म्हणजे उरली ती चौकट, आणि चौकटीतून मूल काही शिकत नाही. त्याऐवजी नवा खराटा घ्या, वापरलेला नको. चाळीस सेंटिमीटरच्या चौकोनाला वीस ते पंचवीस हीर, डझनभर कवड्या आणि पाचेक मीटर बारीक दोरा पुरतो. भोक पाडलेल्या कवड्या भुलेश्वरला पूजेच्या आणि माळांच्या सामानात मिळतात. भोक नसलेल्या घेतल्या तर त्या बांधता येत नाहीत आणि गोंदावर टिकत नाहीत. काथ्याची दोरी खरी वस्तू असली तरी मुलांच्या बोटांना जाड पडते. सुताचा मेणलेला दोरा चालेल.

कोरडा हीर वाकवला की कडकन मोडतो. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी कढईच्या कडेला धरून वाकवा, दोन्ही टोकं दोऱ्याने बांधा आणि दिवसभर तसाच वाळू द्या. सोडल्यावर थोडा उलगडतो, म्हणून हवा त्यापेक्षा जास्त वाकवायचा. चौकटीला दोन-दोन हीर जोडीने घ्या, एकटा हीर भारानं झुकतो. प्रत्येक छेदावर दोरा फुलीसारखा चार वेढे फिरवून मग गाठ. ग्लू गन वापरू नये. बोटं भाजतात, आणि आठवड्याभरात हीर वाळून आकसला की सांधा सुटतो.

बांधणीआधी लाट दाखवायला विसरू नका, नाहीतर मुलं नुसतं जाळं विणतात. मोठ्या परातीत एक सेंटिमीटर पाणी, मध्ये मुठीएवढा दगड, वर एकच दिवा. पट्टी एका कडेला हळू वर-खाली करा आणि तळाशी पडणाऱ्या सावल्या पाहा. दगडामागे लाटा दोन्हीकडून वळून येतात आणि एकमेकींत मिसळतात. परातीच्या कडेवर आपटून लाट परत येते आणि चित्र बिघडवते, म्हणून समोरच्या कडेला ओला टॉवेल ठेवा. हे पाहिलेलं मूल वाकडा हीर कुठे बांधायचा हे विचारत नाही. मत्तांग झाल्यावर मोठ्या मुलांना आपल्याकडचा नकाशा करायला द्यावा: अलिबागजवळची खांदेरी-उंदेरी ही दोन बेटं आणि पावसाळ्यात नैऋत्येकडून येणारी लाट.

उठाव नकाशाला खोक्यात मीठ-मैद्याचं मिश्रण सुचवलेलं असतं: दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, पाऊण ते एक वाटी पाणी. ही कृती कोरड्या हवेची. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं, आणि मुंबईत जून ते सप्टेंबर तेवढी आर्द्रता नेहमीचीच. नकाशाला घाम सुटतो, रंग ओघळतो, आणि झुरळं येतात ती वेगळीच. डिसेंबर-जानेवारीत करायचा असेल तर ठीक, एरवी कागदाचा लगदाच घ्या. वर्तमानपत्राचे तुकडे रात्रभर भिजवून मिक्सरमधून काढा, कापडात पिळून घ्या आणि दोन वाट्या लगद्याला अर्धी वाटी फेविकॉल मिसळा. शाडू माती हाताला सर्वांत सुखद लागते, पण पुठ्ठ्यावर लावली की पुठ्ठा तिचं पाणी शोषतो, ती आकसते आणि भेगा पडतात. तिच्यात एक चतुर्थांश कागदी लगदा मिसळला आणि खाली पुठ्ठ्याऐवजी पाच मिलिमीटरचा सनबोर्ड घेतला तर भेगा बऱ्याच कमी होतात.

खंड निवडताना दक्षिण अमेरिका घ्या. महाराष्ट्रातल्या मुलांना ती लगेच ओळखीची वाटते. पश्चिमेला समुद्राला खेटून अँडीज, आणि तिथून पूर्वेकडे पसरत गेलेला उतार. आपल्याकडे गोदावरी त्र्यंबकेश्वरला, अरबी समुद्रापासून जेमतेम ८० किलोमीटरवर उगम पावते आणि तरी १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. ॲमेझॉनचंही तसंच: पॅसिफिकच्या शेजारच्या डोंगरांतून निघून सारा खंड ओलांडत अटलांटिकला. नकाशा ५० सेंटिमीटर उंच केला तर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे १५० किलोमीटर. अँडीजमधला सर्वांत उंच, ६,९६१ मीटरचा अकोंकाग्वा खऱ्या प्रमाणात अर्धा मिलिमीटरही भरत नाही. तो तीन सेंटिमीटर करा, म्हणजे उंची सुमारे ६५ पट वाढवली. हा आकडा नकाशाच्या कोपऱ्यात मुलांनी स्वतः लिहावा. इतकं वाढवूनही, अटलांटिकपासून नदीमार्गानं साडेतीन हजार किलोमीटरहून आत असलेलं ॲमेझॉनकाठचं इकितोस शहर जेमतेम अर्धा मिलिमीटर वर येतं, कारण त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची १०० मीटरच्या आसपास आहे. मुलं इथे हटकून लगद्याची टेकडी करतात. त्या जागी लगदा लावूच नये, नुसता कागद.

रंग देताना एक गैरसमज पक्का होतो, तो टाळा. प्राकृतिक नकाशातला हिरवा रंग जंगल दाखवत नाही, सखल प्रदेश दाखवतो. सहारातले सखल भागही त्यात हिरवे असतात. खोक्यांतल्या रंगतक्त्यात हे कुठेच सांगितलेलं नसतं. रंगाआधी फेविकॉल एक भाग, पाणी तीन भाग असा हात द्या, नाहीतर पोस्टर कलर शोषला जाऊन फिका पडतो. रंग वाळल्यावर ऑइल व्हार्निशचे दोन हात, आणि मग अँडीजवर ड्रॉपरने पाणी. थेंब पूर्वेला धावला तर नकाशा बरोबर आहे.

पीओपी वापरायचं असेल तर मोठ्यांनीच कालवावं. पावडर दोन भाग, पाणी एक भाग, आणि पावडर पाण्यात सोडायची, पाणी पावडरीत नाही. ते घट्ट होताना चांगलंच तापतं, त्यामुळे मुलांच्या हाताचे साचे त्यात कधीही घेऊ नयेत. उरलेलं मोरीत ओतू नका, पाइप तुंबतो.

आफ्रिकेच्या बाबतीत तयार खोके सर्वांत कमी पडतात. आशियातले सहा-सात देश वेगवेगळे, आणि ५४ देशांच्या आफ्रिकेला मिळून एक ‘आफ्रिकी मुखवटा’. त्याजागी एकच देश घ्या, घाना, आणि तिथली कापडावरची आदिंक्रा छपाई करा. आशांती प्रदेशातल्या न्टोन्सो गावात ती आजही चालते. भोपळ्याच्या वाळलेल्या कवचावर ठसे कोरतात, झाडाची साल उकळून आटवलेला काळा रंग वापरतात, आणि त्याच रंगात बुडवलेल्या लाकडी फणीने कापडावर रेघा ओढून चौकोन पाडतात. वाळलेला भोपळा किती टणक असतो हे मुलांना सांगायला मिरजेच्या तंबोऱ्याचं उदाहरण पुरेसं आहे. मुलांना मात्र तो कोरू देऊ नये, चाकू निसटतो. फोम शीटमधून आकार कापून लाकडाच्या ठोकळ्यावर चिकटवा. बटाट्याचा ठसा तासाभरात पाणी सोडतो आणि कडा बोथट होतात.

कापड मंगलदास मार्केटमधून मांजरपाट, दोन मुलांना एक मीटर. ते आधी गरम पाण्यातून धुवून वाळवा. कोऱ्या मांजरपाटाला कांजी असते आणि तिच्यावर रंग बसत नाही, पहिल्याच धुण्यात निघून जातो. फॅब्रिक कलर स्पंजवर ओतून ठसा स्पंजवर दाबावा, थेट डबीत बुडवला तर रंग कडेनं फुटतो. आकार निवडताना अर्थ सांगा. मान मागे वळवलेला पक्षी म्हणजे सांकोफा, मागे राहिलेलं परत जाऊन घेऊन ये. आणि गोलाकडे परत जाऊन घानातलं तेमा शहर शोधा. शून्य रेखावृत्त या शहरातून जातं.

जपानच्या माशांच्या ठशांबद्दल, म्हणजे ग्योताकूबद्दल, थोडक्यात. कोळणीकडून पापलेट आणलं तर बाह्यरेषा सुरेख येते, पण खवले बारीक असल्यामुळे पोत उमटत नाही. तांबोशी जास्त चांगली. मीठ चोळून धुवा, पूर्ण टिपा, कल्ल्यांत टिश्यू भरा, रंगाचा पातळ हात द्या आणि पातळ हँडमेड कागद बोटांनी दाबा. पतंगी कागद नको, ओला झाला की त्याचा रंग सुटतो आणि तो फाटतो. रंग लावलेला मासा खाऊ नये.

खरेदीबद्दल. अब्दुल रहमान स्ट्रीट सीएसएमटीपासून चालत गाठता येते आणि चालतच जावं, हातगाड्यांच्या गर्दीत टॅक्सी अडकून पडते. रविवारी बरीच घाऊक दुकानं बंद असतात. सकाळी अकराच्या सुमारास गेलं तर दुकानदाराला नमुने उघडून दाखवायला वेळ असतो. तिथली खरी अडचण घाऊकपणाची. फोम शीट, स्पंज, ब्रश डझनाने किंवा पाकिटाने मिळतात. एका मुलासाठी हा खर्च जड जातो, चार-पाच घरांनी मिळून घेतला तर खोक्यापेक्षा कितीतरी जास्त सामान हातात येतं आणि उरतंही. रंगांच्या डब्या दुकानातच उघडून पाहा, तळाशी खडा झालेला रंग पाणी घालूनही सुधारत नाही.

तयार खोका एकाच परिस्थितीत घेण्यासारखा आहे: मूल सहा वर्षांच्या आतलं असेल आणि त्याला खंडांचे आकार फक्त ओळखायचे असतील. तेव्हाही ज्यात खंड जाड लाकडी तुकड्यांत कापलेले आहेत तोच घ्या. पुठ्ठ्याचे तुकडे पहिल्या पावसाळ्यातच दमट हवेने फुगतात आणि एकमेकांत बसेनासे होतात.